चौदा ग्रुप आणि तीन एकर

या वेळचं पत्र निफाड तालुक्यातून आलंय. लांबलचक होतं, थोडं आवरून देते.

«ताई, नमस्कार. माझं वय ३३. पुण्यात सात वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी गावी परत येऊन द्राक्षबाग हातात घेतली. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. शेतीचं शिक्षण नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून माहिती गोळा करायचा सपाटा लावला. आज व्हॉट्सअॅपचे चौदा ग्रुप आहेत, यूट्यूबवर सहा-सात कन्सल्टंट बघतो, पीडीएफची तर गणतीच नाही. तरी फवारणीचं ठरवायची वेळ आली की हातपाय गळतात. मागच्या आठवड्यात आभाळ आलं. बाग फुलोऱ्यात. एका ग्रुपवर ‘आजच घ्या’, दुसऱ्यावर ‘थांबा, पाऊस नाही’, तिसऱ्यावर कुणाच्या तरी बागेतले डाऊनीचे (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) फोटो. मी सकाळी एक औषध मारलं आणि संध्याकाळी दुसरं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! अण्णा (वडील) नुसते बघत होते. ते ओळीतून चालतात, एखादं पान उलटं करतात, बागेच्या खालच्या अंगाला जाऊन परत बघतात आणि म्हणतात, ‘आज नको.’ का नको, ते त्यांना सांगता येत नाही. परवा म्हणाले, ‘तुला बाग नाही कळत, तुला मोबाईल कळतो.’ फार लागलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत बघत बसतो. पेपरचं एक पान सलग वाचून होत नाही. माझ्या डोक्याचं काही बिघडलंय का? विश्वास कुणावर ठेवायचा? आणि सरळ साधा बटणांचा फोन घेऊन टाकू का?»

भाऊ, आधी एक सांगून टाकते. डाऊनीला काय मारायचं हे तुम्ही मला विचारलं नाहीत, आणि विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं. पंधरावा ग्रुप व्हायची माझी इच्छा नाही.

डोक्याचं काही बिघडलेलं नाही. तुमच्या जागी बसवलं तर बहुतेकांचं डोकं असंच वागेल. पण अण्णांचं वाक्य लागलं ते त्यात तथ्य आहे म्हणून, हेही मान्य करू या. तीन वर्षांत तुम्ही कष्ट कमी घेतलेले नाहीत, फक्त ते सगळे एकाच बाजूला ओतलेत.

त्या आभाळाच्या दिवसाकडे परत जाऊ. तिसऱ्या ग्रुपवरच्या फोटोंनी तुमची घाबरगुंडी उडवली, बरोबर? आता त्या ग्रुपमध्ये हजारेक बागायतदार आहेत असं धरा. त्यातल्या फक्त दहा बागांत डाऊनी असला तरी दहा जण फोटो टाकणार, प्रत्येकाचे तीन-चार, वर खाली पन्नास प्रतिक्रिया. उरलेले ९९० जण ‘आज माझी पानं छान आहेत’ म्हणून फोटो टाकत नाहीत. सकाळी चहा पिताना तुम्ही जे बघता ती तालुक्यातली परिस्थिती नसते, तालुक्यातल्या आजारी पानांची निवडक मिरवणूक असते. ती रोज बघणाऱ्याला रोज साथ आल्यासारखंच वाटणार. त्यातही फोटो कुठला? सटाण्याकडच्या आगाप (लवकर केलेल्या) छाटणीच्या बागेत मणी फुगत असतात तेव्हा तुमच्याकडे फुलोरा असतो. तासगावची हवा वेगळी, सोलापूरची वेगळी. बागेचं वय छाटणीपासूनच्या दिवसांत मोजायचं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तरी ग्रुपवरचा सल्ला वाचताना ‘तुमची छाटणी कधीची?’ असं कितीदा विचारलंत?

माहिती वाढली की निर्णय सुधारतो, असं आपण सगळेच गृहीत धरतो. यावर एक जुना प्रयोग आहे, तो मला तुमच्या पत्रासाठीच केल्यासारखा वाटतो. पॉल स्लोविक नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९७३ च्या सुमारास घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज वर्तवणारे आठ अनुभवी लोक घेतले. नवशिके नव्हेत, ज्यांचं पोटच त्यावर चालतं असे. त्यांच्यापुढे घोड्यांबद्दलच्या ८८ बाबींची यादी ठेवली: घोड्याच्या पाठीवर वजन किती, जॉकी कसा, मागच्या शर्यतींत कितवा आला, असं सगळं. यातल्या कोणत्या बाबी तुम्हाला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात ते ज्याचं त्यानं निवडायचं. मग होऊन गेलेल्या शर्यती, घोड्यांची नावं लपवून, त्यांच्यासमोर ठेवल्या. आधी आपल्या निवडीतल्या फक्त पाच बाबी बघून अंदाज सांगायचा, मग दहा, मग वीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी खात्री किती वाटते तेही सांगायचं.

पाच बाबींवर अंदाज जेवढे बरोबर आले, जवळपास तेवढेच चाळीस बाबींवर आले. सुधारणा नाहीच. वाढत गेली ती खात्री! प्रत्येक नव्या माहितीबरोबर ‘आता मला नक्की कळतंय’ ही भावना चढत गेली आणि हातात त्यापोटी काही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, मला तर खात्री वाटतच नाही, उलट घाबरायला होतं. बरोबर आहे. त्या लोकांच्या चाळीसही बाबी एका यादीतल्या होत्या, एकमेकींशी भांडत नव्हत्या. तुमच्याकडे खात्रीनं बोलणारी चौदा तोंडं आहेत, आणि प्रत्येकाची खात्री वेगळ्या दिशेला. मग माणूस काय करतो? कुणालाच नाराज करत नाही. सकाळी एकाचं ऐकतो, संध्याकाळी दुसऱ्याचं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही दोन निर्णय घेतलेत असं दिसतं खरं, प्रत्यक्षात एकही घेतला नाहीत.

यातला पैशाचा हिशेब तुम्ही केलाच असेल. मला जास्त खटकतं ते दुसरंच नुकसान. दोन्ही फवारण्या झाल्या, ऊन पडलं, रोग आला नाही. तो कशामुळे नाही आला? सकाळच्या औषधानं? संध्याकाळच्या? की मुळात येणारच नव्हता? हे तुम्हाला आता कधीच कळणार नाही. बाग उत्तर द्यायला तयार होती, तुम्ही तिला प्रश्नच विचारला नाहीत. असे तीन हंगाम काढले, तर तीन वर्षांचा अनुभव आहे असं म्हणता येतं, पण त्या अनुभवातून हाती लागलेलं फार थोडं असतं. (म्हणून आता एक ओळ फवारणीवाचून सोडून बघा, असं मात्र मी म्हणत नाहीये. फुलोऱ्यात डाऊनीशी खेळ नको.)

आता अण्णा.

‘आज नको’ म्हणणाऱ्या माणसाला कारण सांगता येत नाही, म्हणून तो अंदाजपंचे बोलतो असं सुशिक्षित मुलांना वाटतं. आणि त्याच मुलांना, बाप खरा ठरला की, बापाकडे काही दैवी नजर आहे असं वाटायला लागतं. दोन्ही चूक. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी आग विझवणाऱ्या दलांच्या प्रमुखांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे लोक जळत्या घरात क्षणात योग्य निर्णय घेतात आणि का घेतला ते त्यांनाही सांगता येत नाही. डॅनियल कानमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांचं बरंचसं काम याच्या उलट टोकाचं, तज्ज्ञांचे अंदाज किती फसतात ते दाखवणारं. या दोघांनी आपापसातला वाद सोडवायला एकत्र बसून २००९ साली एक लेख लिहिला. त्यांचं एकमत साधारण असं झालं: जाणत्या माणसाच्या अशा चटकन अंदाजावर विश्वास ठेवावा, पण दोन अटींवर. ज्या गोष्टीचा अंदाज करायचा तिच्यात काहीतरी नियम असायला हवा, आणि त्या माणसाला आपण बरोबर होतो की चूक हे पुन्हा पुन्हा, लवकर कळलेलं असायला हवं.

डाऊनी या दोन्ही अटींत बसतो. पानावर ओल किती वेळ टिकते यावर त्याचं बरंचसं गणित. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी बुरशी, आणि आठवडा-दहा दिवसांत निकाल समोर. अण्णांनी आयुष्यभर दर हंगामात हा पेपर दिलाय आणि दर वेळी तो तपासून परत मिळालाय. ते खालच्या अंगालाच का जातात? माझा अंदाज असा की तिथे जमीन सखल असेल, दव उशिरा उठत असेल, रोग आला तर तुमच्या बागेत पहिल्यांदा तिथेच येत असेल. पण मी तुमची बाग पाहिलेली नाही, त्यामुळे हे त्यांनाच विचारा. विचारताना ‘का?’ विचारू नका. या पिढीला ‘का’ म्हटलं की उलटतपासणी वाटते, आणि खरं कारण शब्दांत नसतंच. ‘अण्णा, तुम्ही आधी कुठं बघता?’ असं विचारा. ‘आज काय दिसलं असतं तर तुम्ही मारा म्हणाला असता?’ असं विचारा. मग त्यांना बोलताही येईल, आणि बोट दाखवून दाखवताही येईल.

तुमच्या व्हिडिओंना हेच नेमकं जमत नाही. २०१८ साली शिकागोच्या दोन संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग केला होता. टेबलावरची भांडी जागची न हलवता खालचा कपडा झटक्यात ओढायचा, ती युक्ती. काही जणांना तिचा व्हिडिओ एकदा दाखवला, काहींना वीसदा. वीसदा बघितलेल्यांना आपल्याला हे जमेल याची खात्री कितीतरी जास्त वाटली. डार्ट फेकण्यासारख्या प्रकारांत प्रत्यक्ष करून बघायला लावलं तेव्हा जास्त वेळा बघणाऱ्यांचा नेम काही जास्त लागला नाही. विरळणीचे, डिपिंगचे (घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याचे) व्हिडिओ रात्री एक वाजता बघून तुम्हाला जे समाधान मिळतं ते या जातीचं आहे. कात्री हातात घेतलेली बाई दुपारभरात जे शिकते ते त्यात नाही.

तर माझं म्हणणं इतकंच: सकाळी फोन घरी ठेवून बागेत जा, अण्णा येत असतील तर त्यांच्याबरोबर. पानं उलटी करा. परत आल्यावर, फोन उघडायच्या आधी, एका वहीत चार ओळी लिहा. कुठे काय दिसलं. मला काय वाटतं, रोग येईल की नाही. मी आज काय करणार. आणि दहापैकी किती खात्री. मग खुशाल ग्रुप बघा, हवामान बघा, कन्सल्टंटना फोन करा. त्यानंतर तुमचं मत बदललं तर तेही लिहा, कुणाच्या सांगण्यावरून बदललं त्याच्या नावासकट. आठ-दहा दिवसांनी त्याच पानावर काय झालं ते लिहायचं. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेला फवारणीची नोंदवही ठेवावीच लागते, म्हणजे लिहायची सवय नवी नाही. त्या वहीत औषध, मात्रा, तारीख असं सगळं असतं. तुम्हाला काय वाटलं होतं तेवढं नसतं, आणि माणूस शिकतो ते त्यातूनच. कारण निकाल लागल्यावर आपल्या सगळ्यांनाच ‘मला वाटलंच होतं’ असं वाटतं. वहीत लिहिलेलं असलं की ती सोय राहत नाही.

या वहीचा आणखी एक उपयोग होईल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. विश्वास कुणावर? हंगामाच्या शेवटी कुणाच्या नावापुढे मत बदलल्यानं फायदा झाला आणि कुणापुढे नुसता खर्च, हे तुमच्याच अक्षरात दिसेल. माझ्याकडून काही खुणा हव्या असतील तर सांगते. जो माणूस उत्तर देण्याआधी चार प्रश्न विचारतो, छाटणी कधीची, जमीन कसली, शेवटची फवारणी कोणती, त्याच्याजवळ थांबा. फोटो टाकल्यापासून दोन मिनिटांत ‘हे मारा’ येत असेल तर आभार मानून पुढे चला. ‘गेल्या वर्षी तुमचा सल्ला कुठे चुकला?’ असा प्रश्न कन्सल्टंटला विचारून बघा. जाणत्या माणसाला दोन-तीन प्रसंग लगेच आठवतात. आणि ज्याच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एकाच कंपनीची बाटली येते त्याला शिव्या घालायची गरज नाही, तो दुकानदार आहे एवढं लक्षात ठेवा. असा एक माणूस पक्का करा जो बागेत येतो, पैसे घेऊन येतो आणि पुढच्या वेळी मागच्या सल्ल्याचं काय झालं ते बघतो.

अण्णांनाही सगळ्याच बाबतीत प्रमाण मानू नका. काही गोष्टी अशा आहेत की बाग त्यांचं उत्तर देतच नाही. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि माल अडकला. वेलीची वाढ रोखायला ते आपल्याकडे सर्रास वापरात होतं. भल्याभल्या जाणत्यांच्या बागा त्यात होत्या. मण्यातला अंश डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, तीस काय पन्नास हंगाम काढले तरी त्याची नजर तयार होत नाही. अशा ठिकाणी ना अण्णांचा अंदाज चालतो ना ग्रुपचं बहुमत. कोणतं औषध चालतं आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, यासाठी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी बघायची, बस्स. आणि पावसाचंही तसंच. ‘दिवाळी झाली, आता पाऊस नाही’ हा हिशेब २०१९ मध्ये किती बागांना महागात पडला ते तुमच्या तालुक्याला सांगायला नको. हवामानच नियम मोडायला लागलं की जुन्या अंदाजाची पहिली अट ढासळते. तिथे अण्णांनी तुमच्या फोनमधला पावसाचा अंदाज ऐकायला हवा. हे त्यांना सांगाल तेव्हा जरा हळू सांगा.

रात्रीच्या एक वाजेपर्यंतच्या बैठकीबद्दल मी कमी बोलणार आहे, कारण तुम्हाला ते कळतंय. रात्री साडेअकराला कळलेल्या कुठल्याही गोष्टीवर सकाळपर्यंत तुम्ही काही करू शकत नाही. अर्धवट सोडलेल्या कामात मन रेंगाळत राहतं आणि पुढच्या कामाला पुरतं येत नाही, हे सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय. तुम्ही चौदा ठिकाणी अर्धवट राहिलेले वाद घेऊन झोपता, आणि सकाळी पेपर वाचायला बसता. एक पान होत नाही यात नवल काय? साठवलेल्या पीडीएफचंही असंच. जे कुठेतरी साठलेलं आहे असं वाटतं ते माणूस कमी लक्षात ठेवतो, कुठे ठेवलंय तेवढं मात्र आठवतं. २०११ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात हेच दिसलं होतं. तुमच्या फोनमध्ये ‘भुरी’ (द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग) नावाचं फोल्डर आहे हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. त्यात काय आहे? त्यातल्या एखाद्या कागदावरचं काही खरंच हवं असेल तर ते न बघता वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून बघा. लिहिता आलं नाही तर ते तुमच्याकडे नाही, फोनकडे आहे.

राहिला बटणांचा फोन. घेऊ नका. हा त्रागा झाला, आणि त्रागा पंधरा दिवस टिकतो. पावसाचा अंदाज लागेल, कन्सल्टंटना पानाचा फोटो पाठवावा लागेल, यादी बघावी लागेल. औषधांचे ग्रुप कमी करा. चौदातले दोन ठेवा, शक्यतो तुमच्याच शिवारातले, जिथे छाटणी तुमच्या आगेमागे झालीय आणि ज्याचा फोटो बघितला त्याच्या बागेत संध्याकाळी गाडीवर जाऊन स्वतः बघता येतं. बाकीच्यांतून बाहेर पडायला संकोच वाटत असेल तर वर्षभरासाठी म्यूट करा, कुणाला कळत नाही.

फक्त माल तयार व्हायला लागला की एक ग्रुप चालू करा, दरांचा. कुठल्या गावात काय भावानं सौदे झाले आणि कोणता व्यापारी पैसे न देता पसार झाला, हे पानं उलटी करून समजत नाही. तिथे चौदा काय, वीस ग्रुप असले तरी माझी हरकत नाही.